दीड वेळा दाबलेला हात

माझी नोकरी हात धरण्याची आहे. "काय करतेस?" असं सासूबाईंनी पहिल्या भेटीत विचारलं तेव्हा मी हेच उत्तर दिलं होतं. त्यावर त्यांनी आपल्या मुलाकडे असं पाहिलं, जणू त्याने दुकानातून फुटका कप निवडून आणला होता.

मग मला नीट समजावून सांगावं लागलं. मी एका मोठ्या इस्पितळात भूलतज्ज्ञांच्या हाताखाली संशोधनाचं काम करते. भूल म्हणजे नुसती झोप नव्हे. झोपेचं औषध वेगळं, दुखणं मारणारं वेगळं आणि स्नायू सैल पाडणारं तिसरंच. हे तिसरं एकदा अंगात गेलं की माणसाला पापणीही हलवता येत नाही. अशात आतून जाग आली तर तो सांगणार कसं? म्हणून ते औषध देण्याआधी आम्ही एका हातावर रक्तदाबाचा पट्टा करकचून फुगवतो. रक्त अडतं, औषध त्या हातात पोचत नाही, आणि सगळं शरीर लुळं पडलं तरी तो एक पंजा मोकळा राहतो. तो पंजा मी धरून बसते. पेशंटच्या कानात इयरफोन असतात. त्यातून रेकॉर्ड केलेला आवाज सांगत राहतो, "ऐकू येतंय का? ऐकू येत असेल तर हात एकदा दाबा. दुखत असेल तर दोनदा दाबा." तो आवाज माझाच आहे.

बहुतेक जण दाबत नाहीत. काही जण दाबतात. आणि दाबणाऱ्यांपैकी जवळजवळ कोणालाच नंतर काही आठवत नाही. उठतात, पाणी मागतात, मस्त झोप लागली म्हणतात. ज्या हाताने मला उत्तर दिलेलं असतं त्याच हाताने टाटा करतात.

"मग ते जागे होते की झोपलेले?" सासूबाईंनी विचारलं होतं.

"तेच तर शोधतोय."

"आणि याचा पगार देतात?"

सासूबाई तयार कपड्यांच्या कारखान्यात कापणी विभाग सांभाळायच्या. त्यांना तिथे सगळे मुकादम म्हणायचे. निवृत्त झाल्या, पण ते नाव घरापर्यंत आलं आणि राहिलं. पोटचा मुलगाही त्यांच्या पाठीमागे मुकादमच म्हणतो. मीही म्हणते, पण मनात. तोंडावर आई. जन्मभर उभं राहून जाड कापडाच्या थप्प्या कापल्यामुळे त्यांच्या पंजाला विलक्षण जोर आहे आणि गुडघ्यांत काहीच उरलेलं नाही. हाडांच्या डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायला सांगितले, आधी उजवा, मग डावा. पाठीत सुई देऊन फक्त पाय बधिर करणं त्यांच्या बाबतीत शक्य नव्हतं, कारण मणके एकमेकांवर असे चढलेत की सुई शिरायला फट नाही. पूर्ण भूलच द्यावी लागणार होती.

मुकादम नको म्हणाल्या. महिनोन्‌महिने नको म्हणाल्या. भिंतीला धरून स्वयंपाकघरात यायच्या, खुर्चीवर बसताना दात आवळायच्या आणि कोणी काही बोललं की म्हणायच्या, "माझे गुडघे आहेत, तुमच्याकडे काही मागत नाहीत." ऐकावं जनाचं, करावं मनाचं या बाण्याच्या बाई. माझा संताप व्हायचा. रोज इस्पितळात लोकांना चालत घरी जाताना बघायचं आणि घरी येऊन हे सोंग बघायचं.

शेवटी एका सकाळी मी विचारलंच, "आई, नक्की भीती कशाची वाटते? मरायची?"

"छट्. मरायला काय लागतं?" त्या म्हणाल्या. मग टेबलावरची बशी फिरवत राहिल्या. "कारखान्यात एकदा कापडाच्या गोदामात अडकले होते. बाहेरून कोणीतरी कडी घातली. मी ओरडतेय, दार बडवतेय. मला बाहेरची मशिनं ऐकू येत होती, पोरी हसत होत्या तेही ऐकू येत होतं. त्यांना मी ऐकू येत नव्हते. तसं व्हायला नको."

माझं सगळं काम त्या गोदामाबद्दलच तर होतं. इतकी वर्षं त्यांना ते चांगलं कळत होतं आणि मला वाटत होतं की त्या माझ्या नोकरीची टिंगल करतायत.

"तर मग," मुकादम म्हणाल्या, "हात तू धरायचा. परक्या बाईच्या हातात मी हात देणार नाही. आणि मी दाबला, तर मला खरं सांगायचं. गोड बोलायचं नाही. कबूल?"

मी कबूल म्हटलं.

आमच्या विभागाच्या प्रमुखांना आम्ही मोठ्या मॅडम म्हणतो. त्यांनी ऐकताच कपाळाला हात लावला. "नातेवाइकाने हात धरायचा? म्हणजे अभ्यासाचं वाटोळंच की. तुला दाबल्यासारखं वाटेल, दाबलेला असो नसो." पण मुकादम दुसऱ्या कशाला तयारच नव्हत्या. मग मॅडमनी तोडगा काढला की पद्धत सगळी तीच ठेवायची, पण हा पेशंट मोजणीत धरायचा नाही. मुकादमांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांचा अपमान झाला. "का? माझा हात हात नाही?"

उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन सकाळी होतं. आमच्या अभ्यासात पेशंटच्या कपाळावर एक पट्टी चिकटवतात. ती मेंदूच्या लहरी मोजते आणि पडद्यावर आकडा दाखवते. आकडा खाली आला की माणूस गाढ झोपला असं धरायचं. हा आकडा खरं बोलतो का, हे तपासण्यासाठीच आम्ही हात धरतो. मुकादमांचा आकडा शहाण्या मुलासारखा भराभर खाली आला. मॅडमनी हातावरचा पट्टा फुगवला, तिसरं औषध दिलं, श्वासाची नळी घातली. इयरफोनमधून माझा आवाज सुरू झाला. आयुष्यात पहिल्यांदा सून सासूला हुकूम सोडत होती, तोही त्यांना गाढ झोपवून, या विचाराने मला मास्कच्या आत हसू आलं.

आणि हात दाबला गेला.

पापणी लवावी तसं काहीतरी नव्हतं ते. जाड कापडाच्या थप्पीवर कात्री चालवणारा पंजा होता तो. मी मॅडमना म्हणाले, "दाबला."

"आकडा तर खाली आहे," मॅडम म्हणाल्या.

"आकडा खाली असेल. हात दाबला."

इयरफोनमधला माझा आवाज पुढे गेला असणार, दुखत असेल तर दोनदा दाबा. मी वाट पाहिली. हात पुन्हा दाबला गेला, सुटला, आणि मग परत आवळला. पण पुरता नाही. निम्म्यावर येऊन थांबला आणि तसाच राहिला. दुसऱ्यांदा दाबायला घेतला आणि अर्ध्यात विसरल्यासारखा. किंवा न विसरता तिथेच थांबवल्यासारखा.

"एकदा की दोनदा?" मॅडमनी विचारलं.

"दीड वेळा."

"दीड असा पर्याय नाही."

"मला माहीत आहे मॅडम, मीच तक्ता बनवलाय. पण दीडच आहे."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. मग झोपेचं आणि दुखण्याचं, दोन्ही औषधं वाढवली. थोड्या वेळाने माझ्या हातातली पकड बोटाबोटाने ढिली पडली. हाडांच्या डॉक्टरांची करवत सुरू झाली तेव्हा हात पार निर्जीव होता. इतक्या लोकांचे हात मी धरले, इतक्यांनी माझा हात दाबला, आणि मी प्रत्येक वेळी शांतपणे तक्त्यात खूण केली. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की ही बाई आत आहे, आणि मी बाहेर मशीन चालवतेय.

संध्याकाळी वॉर्डात मुकादम चांगल्या शुद्धीवर आल्या. पहिलं वाक्य, "ही उशी कोणी निवडली?" दुसरं वाक्य माझ्याकडे वळून, "दाबला का मी?"

मी तोंड उघडलं आणि माझ्या आधी नवरा बोलला. "नाही गं आई. गाढ झोपली होतीस. आकडाबिकडा सगळा व्यवस्थित." थिएटरबाहेर माझा चेहरा पाहून त्याने मला खोदून खोदून विचारलं होतं, आणि मी त्याला सगळं सांगून बसले होते. मुकादमांनी समाधानाने डोळे मिटले. आता बोलले तर मुलगा खोटा पडतो, न बोलले तर मी. मी न बोलणं निवडलं, की ते आपोआप झालं, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

व्हरांड्यात मी नवऱ्याला धारेवर धरलं. "मी कबूल केलं होतं त्यांना."

"तू सांगितलंस तर ती डावा गुडघा करून घेईल?"

"नाही."

"मग? एक पाय नवा आणि एक जुना घेऊन फिरेल जन्मभर. आणि तिला काही आठवतच नाहीये. जे आठवत नाही ते झालंच नाही."

"मागच्या वर्षी तुझ्या मित्राच्या घरी तू काय काय बरळलास ते तुला आठवत नाही. म्हणजे ते झालं नाही?"

"तो वेगळा विषय आहे," नवरा म्हणाला. दुखणं झालं आणि ते कोणाकडेच उरलं नाही, तर ते गेलं कुठे? बिल चुकतं झाल्यासारखं ते संपलं, की कुठेतरी पडून आहे? मोठ्या मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "हा प्रश्न मी शिकत असताना विचारला होता. माझ्या सरांनी विषय बदलला होता."

घरी आल्यावर मुकादम झपाट्याने सुधारल्या. उजव्या पायावर छान भार देऊ लागल्या. आणि मग टीव्हीचा रिमोट बिघडला.

म्हणजे आम्हाला तसं वाटलं. मुकादम दुपारी रिमोट हातात घेऊन बातम्या बघत बसायच्या, आणि मध्येच आवाज एकदम वाढायचा. बातमीदार किंचाळायला लागायचा. नवऱ्याने सेल बदलले. मग नवा रिमोट आणला. तोही तसाच. मुकादम म्हणाल्या, "या घरात एक वस्तू धड आणत नाही कोणी."

सुटीच्या दिवशी मी स्वयंपाकघरात कुकर लावत होते. त्यांना चहा हवाय का विचारायचं म्हणून मी हाक मारली, "आई, ऐकू येतंय का?" आणि बाहेर टीव्ही किंचाळला.

माझ्या हातातलं झाकण तसंच राहिलं. मी दारात आले. मुकादम रिमोटकडे रागाने बघत होत्या. मी पुन्हा म्हणाले, अगदी हळू, "ऐकू येतंय का?" आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांचा उजवा पंजा रिमोटवर आवळला. टीव्ही आणखी किंचाळला. त्यांना पत्ताही नव्हता.

त्या दिवसापासून मी ते वाक्य टाकलं. "आई, लक्ष आहे का?" म्हणायला लागले. "आई, अहो आई!" म्हणायला लागले. रिमोट सुधारला. पण मुकादमांनी उभ्या हयातीत कापडातला तिरका धागा लांबून ओळखलाय, माझं बदललेलं बोलणं त्यांच्या नजरेतून सुटणार होतं थोडंच? एक दिवस मला समोर बसवून म्हणाल्या, "तू आधी काय म्हणायचीस मला स्वयंपाकघरातून?"

"काही नाही."

"म्हण."

"काय म्हणू?"

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. म्हण."

मी म्हणाले, "ऐकू येतंय का?"

त्यांचा रिकामा हात मांडीवर होता. तो आवळला. आम्ही दोघींनी त्याच्याकडे पाहिलं. घरात दुसऱ्या कोणाची तरी हालचाल व्हावी तसं ते होतं. मुकादमांनी मला पुन्हा म्हणायला लावलं. या वेळी हात हलला नाही. पुन्हा म्हणायला लावलं. हलला, पण त्या म्हणाल्या, "आता मीच हलवला बहुतेक." मग पुन्हा. मग त्या चिडल्या. "काय आहे हे?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सांगून टाकलं. तुम्ही हात दाबला होता, ऐकू येत होतं म्हणून. नंतर दुखतंय का विचारलं, तेव्हा पुन्हा दाबला.

"किती वेळा?"

"दीड."

त्यांनी माझ्यावर डोळे वटारले. मी हात पुढे करून त्यांच्या हातावर दाखवलं. एकदा पूर्ण, मग अर्ध्यावर थांबलेला.

"म्हणजे दुखत होतं मला?"

"मला माहीत नाही, आई."

"माहीत नाही म्हणजे?"

"तुमचं दुखणं, मला कसं कळणार?"

"मग कोणाला कळणार?" त्या ओरडल्या. "मला आठवत नाही. हात तुझ्या हातात होता. तुला नाही विचारायचं तर कोणाला विचारू?"

मी रडले. कबूल करते, अगदी हुंदके देऊन रडले, कारण त्यांचं बरोबर होतं आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. मुकादम मला समजवायला आल्या नाहीत. त्या उठून, एका चांगल्या पायावर आणि एका वाईट पायावर, आपल्या खोलीत गेल्या. नवऱ्याशी त्या पुढे बरेच दिवस फक्त कामापुरतं बोलल्या. त्यातही "ही उशी कोणी निवडली?" छापाची वाक्यंच जास्त.

मग एके सकाळी चप्पल घालून तयार. "तुझ्या मॅडमकडे ने."

मोठ्या मॅडमच्या खोलीत आम्ही तिघी बसलो. मॅडमनी काहीही लपवलं नाही. हात दाबणारे पेशंट असतात, त्यांना नंतर आठवत नाही, असं का होतं हे नक्की कोणालाच माहीत नाही. मग रिमोटचं प्रकरण त्यांनी शांतपणे ऐकलं. "आठवण डोक्यात नसते तेव्हा कधी कधी सवय म्हणून मागे राहते. किंवा हा निव्वळ योगायोग असेल. आता तुम्ही हाताकडे लक्ष ठेवून बसलात, त्यामुळे ते तपासताही येणार नाही," मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे तुम्हालाही कळत नाही," मुकादम म्हणाल्या.

"नाही."

"सुनेलाही कळत नाही."

"नाही."

"मग मला एवढंच सांगा. तिथे कोणीतरी होती ना? हिने सांगितलेलं जिने ऐकलं, हात दाबायचा ठरवला, ती?"

"होती," मॅडम म्हणाल्या.

"माझ्या अंगात होती, आणि माझी तिची ओळख नाही." मुकादमांनी आपला उजवा हात टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. "बिचारी. तिचं काय दुखलं ते तिचं तिलाच माहीत. आणि मी उठून उशीवरून भांडले."

परतताना त्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. मला वाटलं आता डाव्या गुडघ्याचं नाव काढायलाच नको. मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं, अगदी शब्दशः. घराच्या जिन्यापाशी मुकादम थांबल्या. वाईट पाय पहिल्या पायरीवर ठेवला, कळवळल्या, पुन्हा खाली घेतला.

"मला माझी भीती नाही वाटत," त्या म्हणाल्या. "मी तर झोपणार, उठणार, चहा पिणार. पण तिला परत कशाला पाठवू तिथे? तिने काय घोडं मारलंय माझं?"

दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर मी हसले असते. मी म्हणाले, "आई, तीही तुम्हीच."

"असेल. पण मला ती आठवत नाही, तिला मी कुठून आठवणार? तिला वाटत असेल, दार कोणी उघडणारच नाही."

तो पावसाळा गेला, हिवाळा आला. थंडीत डावा गुडघा लाकडासारखा व्हायचा. एकदा मोरीत तोल जाऊन त्या नळाला धरून लोंबकळल्या. त्या पंजाने त्यांना वाचवलं. मी आत धावले तर ओरडल्या, "बघतेस काय, धर!" मी धरलं. स्टुलावर बसल्यावर त्या दम खात म्हणाल्या, "करू या डावा. पण माझ्या पद्धतीने."

त्यांची पद्धत त्यांनी मला दुपारी सांगितली. टेप नको. कानात इयरफोन नको. मी स्वतः बोलायचं, आणि त्या सांगतील तेच बोलायचं. "निरोप आहे तिला. पाठ कर. म्हणावं, हा गुडघा आहे. उजवा झाला, आता डावा. यापुढे नाही. लवकर संपेल. आणि म्हणावं, बाहेर मी आहे."

"बाहेर मी आहे म्हणजे, मी? की तुम्ही?"

"दोघी," त्या म्हणाल्या. "आणि ते एकदा-दोनदाचं गणित बंद कर. तिला जमत नाही ते. दुखलं तर ती हात सोडेल. नाही दुखलं तर धरून ठेवेल. सोपं."

"अहो आई, झोप लागली तरी हात सुटतोच की. मग मला कसं कळणार, दुखलं म्हणून सोडला की झोप लागली म्हणून?"

हे मुकादमांच्या लक्षात आलं नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांना उत्तर सुचत नाहीये असं मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला त्याचा आनंद झाला नाही.

"मग तू धर," त्या म्हणाल्या.

मोठ्या मॅडमनी या वेळी कपाळाला हात लावला नाही. औषधं सुरुवातीपासूनच वाढवून ठेवली. मुकादमांच्या कपाळावरचा आकडा खाली आला, पट्टा फुगला, नळी गेली. मी त्यांच्या कानाशी वाकले. थिएटरमधली सगळी मंडळी बघत होती आणि मला लाज वाटत होती, पण मी बोलले. हा गुडघा आहे. उजवा झाला, आता डावा. यापुढे नाही. लवकर संपेल. बाहेर मी आहे.

हात हलला नाही. दाबला नाही, आवळला नाही, अर्ध्यावर थांबला नाही. नुसता माझ्या हातात पडून होता, गरम आणि जड.

मी पुन्हा सांगितलं. मॅडमनी माझ्याकडे पाहून मान हलवली, म्हणजे झोपल्या आहेत, पुरे. पण झोपल्या आहेत हे आकडा सांगत होता, आणि मागच्या वेळीही त्याने हेच सांगितलं होतं. ती आलीच नव्हती, की आली होती आणि आता हात दाबण्याची गरज तिला वाटत नव्हती? की दाबावंसं वाटत होतं आणि औषधाने तेवढंही ठेवलं नव्हतं? मला या तिन्हींत फरक करता येत नव्हता आणि या कामात माझी इतकी वर्षं गेली आहेत. मी निरोप सांगत राहिले. पट्टा सोडला तरी हात सोडला नाही. करवत थांबली, हातोडी थांबली, टाके घालून झाले, माझा घसा बसला, तरी मी सांगत होते, बाहेर मी आहे.

वॉर्डात मुकादमांनी डोळे उघडले. उशीबद्दल काही बोलल्या नाहीत. ओठ कोरडे पडले होते. मी चमच्याने पाणी दिलं.

"भेटली?" त्यांनी विचारलं.

मी खरं सांगितलं. "माहीत नाही, आई. हात गप्प होता. मी निरोप सांगितला."

"कधीपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

त्यांचा हात चादरीवरून सरकत आला आणि माझ्या हातात शिरला. एकदा दाबला, सुटला, मग परत आवळला, निम्म्यावर आला आणि तसाच थांबला.

तेच होतं. तोच जोर, तीच अर्ध्यावरची जागा. पण या वेळी डोळे उघडे होते आणि विचारायला माणूस समोर होतं.

"आई," मी घाईघाईने विचारलं, "हे असं दाबलं म्हणजे काय? आत्ता दाबलंत ते. दुखतंय का?"

"दुखतंय तर," त्या पुटपुटल्या. त्यांचे डोळे परत मिटत होते. "पण ते नाही काही. जाऊ नकोस, एवढंच."

हात तसाच अर्धा आवळलेला राहिला आणि त्या झोपल्या. मी खुर्ची पायाने ओढून घेतली आणि बसले. त्या दीडचा अर्थ मला अखेर कळला होता. पण तो हिने सांगितला होता. तिने नाही.